काशीनाथचं कॉलेज बघायला आलेला तिसरा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी मला भोळसट म्हणायला नको. मी प्राथमिक शाळेचा मास्तर आहे. भुतंखेतं, अंगात येणं, लिंबू उतरवणं — ह्या सगळ्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. राग नव्हे, कंटाळाच. शाळेतलं पोर तापानं फणफणलं की आईबाप त्याला भगताकडे नेतात, आणि मग त्यांना डॉक्टरकडे वळवायला मला घसा कोरडा करावा लागतो. तुमच्या मासिकातलं हे चमत्कारिक अनुभवांचं सदर मी दर महिन्याला वाचतो आणि बायकोला म्हणतो, "ह्याला रात्रीचं जेवण जड झालेलं दिसतंय." आता मीच लिहायला बसलो आहे, तर ती दारात उभी राहून हसते आहे. हसू दे.

माझी शाळा नागावला, पण मूळ गाव खारेपाटात — अलिबागहून पोयनाडच्या पुढे गेलं की खाडीकडेला जी सपाट भातशेती लागते ती. आम्ही जातीनं आगरी. आमची शेतं खाडीच्या भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. मध्ये फक्त मातीचा बांध. बांधाला ठिकठिकाणी लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिथून बाहेर जातं आणि भरतीला दार मिटतं. बांध टिकला तर भात, फुटला तर दोन-तीन पावसाळे जमीन खारट. एवढ्यावर सगळ्या गावाचं पोट.

आणि बांध म्हटला की त्याचा राखणदार आला. आमच्या उघाडीपाशी शेंदूर फासलेला एक दगड आहे, तो त्याचा. कांबळं पांघरून, हातात काठी घेऊन तो बांधावर फिरतो, बिळं बुजवतो, उघाडी बघतो, अशी समजूत. त्याची एक सवयही सांगतात. गावातलं कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की तो पोचवायला येतो. म्हणून जाणाऱ्याच्या घरच्या बाईनं दगडापाशी नारळ ठेवून त्याला बजावायचं — तू हितंच थांब, पानी सांभाल. नाही बजावलं तर पोचवता पोचवता तो पुढेच चालू लागतो. मी लहानपणापासून हे ऐकत आलो आणि नारळाचं खोबरं तेवढं आवडीनं खात आलो.

आता गोष्ट. मिठाच्या सत्याग्रहाला दोनेक वर्षं झाली असतील. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा काशीनाथ मॅट्रिक पास झाला. मी बहिणीला बाय म्हणतो. तिचा नवरा मुलगा लहान असतानाच वारला. तेव्हापासून बांधाच्या आतल्या तेवढ्या शेतावर तिनं घर चालवलं आणि काशाला इंग्रजी शिकायला माझ्याकडे नागावला ठेवलं. रोज अलिबागच्या हायस्कुलात चालत जाऊन-येऊन पोरगं शिकलं. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, पण सायन्स आणि गणितात मार्क असे की हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, ह्याला मिठागरावर मुकादमाच्या हाताखाली घालू नका. कॉलेजात घाला."

घाला म्हणायला काय जातं! चांगल्या कॉलेजांत सायन्सच्या जागा मोजक्या आणि अर्जांचे ढीग. त्यात आमच्याकडे ना ओळख ना वशिला. फी माफ झाल्याशिवाय आणि हॉस्टेलात खोली मिळाल्याशिवाय तर पाऊलही टाकता येणार नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "नुसता अर्ज टपालानं धाडू नका. मुलाला घेऊन स्वतः जा, कॉलेज दाखवा, प्रिन्सिपॉलांना भेटा. मुलगा डोळ्यांसमोर असला म्हणजे फरक पडतो." तीन कॉलेजांची नावं त्यांनी सांगितली, दोन मुंबईची, एक पुण्याचं. नावं मी इथे लिहीत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

मुलगा डोळ्यांसमोर असला म्हणजे फरक पडतो हे खरं, पण आमचा काशा परक्या माणसासमोर तोंडच उघडत नसे. घरात बडबड्या, बाहेर मुका. शाळेत इन्स्पेक्टर आले की हा येत असलेलं उत्तरही गिळून बसायचा. मला खरी भीती त्याचीच होती.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आत आम्ही निघालो. काशा आईला भेटायला गावी गेलाच होता, मीही तिथूनच निघालो. धरमतरच्या आगबोटीची वेळ गाठायची होती. बाय आम्हांला पोचवायला बांधापर्यंत आली. हातात नारळ. दगडापाशी पोचल्यावर म्हणाली, "तुमी चाला फुडं, मी याला सांगून येतंय." मी म्हटलं, "लवकर आटप बाय, बोट कुनासाठी थांबत नाय." ती दगडापुढं वाकून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती. मी चिडलो होतो, कारण प्रवासासाठी म्हणून घेतलेले नवे जोडे गावच्या वेशीतच चावायला लागले होते.

बोटीत गर्दी होती. काशा आणि मी उभे. एवढ्यात टोपल्या घेऊन बसलेली एक कोळीण बाजूला सरकली आणि माझ्यावरच डाफरली, "ओ मास्तर, तुमी धडधाकट हाव, त्या म्हाताऱ्याला आधी बसवा की! कवापासून उभा हाय बिचारा."

मी मागं वळून पाहिलं. मागं रेलिंग आणि खाडी. म्हटलं, असेल कुणी, गेला असेल पलीकडे. त्या जागेवर मीच बसलो. तर बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी निर्लज्जपणाची हद्द केली. मुंबई येईपर्यंत तिनं माझ्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

पहिलं कॉलेज म्हणजे नुसता दगडी डोंगर. कमानी, लांबच लांब व्हरांडे आणि जिने... कॉलेजांना जिने फार असतात हो. काशा तोंड उघडं टाकून वर बघत चाललेला, मी खाली बघत, कारण माझा अंगठा सोलवटला होता. ऑफिसाबाहेर बाकावर बसलो. कोटवाले बाप आणि टाय लावलेली मुलं आमच्या आधी येऊन बसलेली. त्यातले बरेच एकमेकांना नावानं ओळखत होते. आमच्याकडे बघून सगळे जरा सरकून बसले.

दुपार झाली तेव्हा पट्टेवाला आला. आम्हांला आत बोलवायला नव्हे, ओरडायला. "काय हो, चिखलाचे पाय घेऊन आत कशाला आणलंत त्यांना? आत्ताच फरशी पुसून घेतली होती. बाहेर बसवा म्हाताऱ्याला!"

"कोणत्या म्हाताऱ्याला?" मी विचारलं.

"हे तुमच्या शेजारी... " आणि तो थांबला. बाकावर माझ्या शेजारी काशा होता. काशाच्या पलीकडे कुणी नव्हतं. पण फरशीवर, काशाच्या पलीकडे, दोन पावलांचे ओले ठसे होते. पावसाचा थेंब नव्हता मुंबईत, रस्ते भाजत होते. चिखल करड्या रंगाचा, आणि कडांना वाळला होता तिथं पांढुरका झालेला. असा चिखल मी जन्मभर बघत आलो आहे. खाडीकाठच्या खाजणात, दलदलीत पाय घालून वर आलं आणि उन्हात वाळलं की मीठ असं वर येतं.

मी काशाचे पाय बघितले. त्याच्या पायांत जोडे होते, तेही कोरडे. मग मी मनाशी म्हटलं, असेल कुणाचा तरी. खारी जमीन काय आमच्याच बापाची? तिकडे उरण-पनवेलकडूनही माणसं येतात. हे म्हणायला मला जरा जोर लावावा लागला, एवढं कबूल करतो.

आतल्या क्लार्कनं मार्कांचा कागद बघितला न बघितलासा केला. "फर्स्ट क्लासवाल्यांनाच जागा पुरत नाहीत. शिफारस असली तर बघू." शिफारस नव्हती. झालं एक कॉलेज.

दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्या दिवशी गेलो. तिथं माणसं भली होती, हे मुद्दाम सांगतो. प्रिन्सिपॉल मोकळे होईपर्यंत एका तरुण डेमॉन्स्ट्रेटरनं आम्हांला स्वतःहून लॅबोरेटरी दाखवायला नेलं. काचेची भांडी, गॅसच्या शेगड्या, टेबलाटेबलाला पितळी नळ. काशा हरखून गेला होता. वाफेचं पाणी करायची काचेची नळी कशी चालते ते दाखवायला त्या गृहस्थांनी नळ सोडला आणि फळ्याकडे वळून आकृती काढायला लागले. परत वळले तर नळ बंद.

"अरेच्चा," म्हणाले आणि परत सोडला. मी बघत होतो. पाण्याची धार पडत होती. त्यांनी नळीकडे बोट दाखवलं, आमची नजर तिकडे गेली... आणि पाण्याचा आवाज थांबला. नळ बंद. घट्ट बंद, त्यांना दोन्ही हातांनी फिरवावा लागला. तिसऱ्यांदा असंच झालं तेव्हा मात्र ते माझ्याकडे वळून, आवाज शक्य तितका मऊ ठेवून म्हणाले, "मास्तर, राग मानू नका, पण तुमच्याबरोबरच्या बाबांना जरा सांगता का? नळाला हात लावू नका म्हणावं."

काशा फसकन हसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "सांगतो." काय बोलणार दुसरं? आणि कुणाकडे बघून सांगणार? खिडकीकडे बघून मी म्हटलं, "बाबा, राहू द्या." पुढे नळ बंद झाला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, ती हे आता छापून आल्यावरच वाचेल.

प्रिन्सिपॉल गोरे साहेब होते, पण समजूतदार. हळू इंग्रजीत त्यांनी काशाला विचारलं, कोणता विषय आवडतो? काशा गप्प. कुठून आलास? गप्प. मान खाली, कानशिलं लाल. मी मधे बोलायला गेलो तर साहेब म्हणाले, मुलाला बोलू दे. मुलगा बोललाच नाही. शेवटी ते उठून उभे राहिले आणि काशाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पुढच्या वर्षी ये.

बाहेरच्या जिन्यावर मी जोडे काढून बसलो. अंगात त्राण उरलं नव्हतं. खानावळीतल्या ढेकणांनी रात्रभर झोपू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "काशा, बस झाला रे. परत जाऊ. ट्रेनिंग कॉलेजात टाकतो तुला, मास्तर हो माझ्यासारखा. त्यात वाईट काय?"

मी तेव्हा खरोखरच ठरवून टाकलं होतं. काशानं नळाच्या त्या खोलीकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाला, "मामा, पुण्याचा तेवढा बघू. आयेनं सांगलाय, तिन्ही बघूनच ये."

आयेनं सांगलाय म्हटल्यावर काय करता? आगगाडीत बसलो. घाटात मला झोप लागली, ती पुण्यालाच मोडली.

पुण्याचं कॉलेज मोकळं. मोठं आवार, झाडं, मधे बैठ्या दगडी इमारती. जिने कमी, म्हणून मला ते बघताक्षणी आवडलं. प्रिन्सिपॉल इथं आपले मराठीच, पगडी घालणारे, नाकावर चष्मा. त्यांच्या खोलीत गेलो तर त्यांनी शिपायाला हाक मारली, "अरे, आणखी एक खुर्ची आण." तीन खुर्च्या झाल्या. मी उजवीकडे बसलो, काशा मधे, डावीकडची रिकामी. मला वाटलं, अजून कुणी यायचं असेल.

आधी इंग्रजीत प्रश्न झाले आणि काशाचं पुन्हा तेच. मान खाली. मग ते गृहस्थ मराठीवर आले. "तुमच्याकडे शेती कसली?"

काशाची मान जराशी डावीकडे वळली. रिकाम्या खुर्चीकडे. आणि तो बोलायला लागला.

"भाताची. खाडीच्या पाण्याखाली आहेत आमची शेतं."

"पाण्याखाली? मग बुडत नाहीत?"

"बांध आहे. त्याला दार आहे, उघाडी म्हणतात. भरतीला आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं."

"आपोआप? कोण मिटतं?"

"पाणीच मिटतं सर," काशा म्हणाला, आणि पुढे भरतीचं पाणी चढलं की बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कसा वाढतो, दाराची बिजागरी वरच का ठेवतात, हे त्यानं त्यांच्याच टेबलावरची दौत आणि पट्टी घेऊन दाखवलं. मधेच तो इंग्रजीत कधी गेला ते त्यालाही कळलं नसावं. प्रिन्सिपॉल पुढे सरकून बसले, आडवे-तिडवे प्रश्न घालायला लागले, तो प्रत्येकाला उत्तर देत होता. एखादं वाक्य संपलं की डावीकडे नजर टाकायचा. बरोबर सांगतोय ना, अशी.

मी त्याच्या उजवीकडे बसलो होतो. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

शेवटी प्रिन्सिपॉलांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "जागा देतो. फीचं आणि हॉस्टेलचंही बघतो. वीस तारखेच्या आत येऊन राहा." मी हात जोडले, माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते उठता उठता डाव्या खुर्चीकडे बघून हसले आणि काशाला म्हणाले, "तुझ्या आजोबांना ऐकू कमी येतं का रे? आल्यापासून दोनदा नमस्कार केला मी त्यांना."

"ऐकू येतं सर," काशा म्हणाला, "बोलत नाहीत फक्त."

बाहेर पडल्यावर एका झाडाखाली मी त्याचा दंड धरला. "कोन आजोबा? काय दिसतंय तुला?"

"मना कोनी दिसला नाय मामा," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, खोटं बोलताना तो माझ्या डोळ्यांत बघू शकत नाही. "पन डाव्या अंगाला वास येत व्हता. आपल्या उघाडीपाशी येतो, तसा खारीचा. मना वाटला, मी घरीच हाय. मंग बोललो."

"मग सरांना तसं सांगितलंस कशाला?"

"मंग काय सांगू? खुर्चीत कोनी हाय का नाय यावर वाद घातला असता, तर अ‍ॅडमिशन मिळाली असती का?"

मी त्याचा दंड सोडला.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो, कारण वाचताना तुमच्या मनात येणारच — मुलाचा बाप असेल. नाही. माझे मेव्हणे ठेंगणे होते आणि चाळिशीच्या आतच गेले, आणि बोलायला लागले की समोरच्याला बोलू देत नसत. गप्प बसलेला म्हातारा ते नव्हेत.

परत मुंबई, परत आगबोट. ह्या खेपेला बोटीत आम्हांला कुणी तिसऱ्याबद्दल बोललं नाही, आणि काशा म्हणाला वासही येत नाही. धरमतरला उतरलो तर आमच्या गावचा एक जण धक्क्यावरच भेटला. म्हणाला, "मास्तर, लवकर घरी जा. अवसेच्या उधाणात बांधाला खांड पडली." खांड म्हणजे भगदाड. "तुमच्या बायच्या शेतावर पानी आला."

जोडे हातात घेऊन चालत सुटलो. बांधावर सगळा गाव होता. खांड पडली की आमच्याकडे कुणाला बोलवावं लागत नाही, आपापलं काम टाकून प्रत्येक घरचा माणूस येतो. ओहोटी होती, बाप्ये-बाया रांगेनं चिखलाची ढेकळं एकमेकांच्या हातांत देत होते. खांड उघाडीच्या बाजूलाच पडलेली. बायचं शेत आरशासारखं चकचकत होतं, सगळं खारं पाणी. आणि नवल ते पुढंच. तिच्या शेजारची शेतं कोरडी होती. मधले बांध वीतभर उंचीचे, नांगरानं केलेले, पाणी ते सहज ओलांडून जायला हवं होतं. एक थेंबही पलीकडे गेला नव्हता. म्हातारी माणसं तेच बोलत होती की असं कधी बघितलं नाही.

बाय कमरेइतक्या चिखलात उभी होती. आम्हांला बघून ती वर आली. मला वाटलं रडेल, नाहीतर आधी विचारेल की जागा मिळाली का. तिनं माझं मनगट धरून मला बाजूला नेलं आणि विचारलं ते भलतंच.

"धाकल्या, तिथं तुला कोनी इचारला का, तुमच्याबरोबरचा तिसरा कोन म्हनून?"

मी प्रवासातलं कुणाला एक अक्षर बोललो नव्हतो. बोलायला वेळच कुठं मिळाला होता? मी म्हटलं, "इचारला. तिन्ही ठिकानी."

ती मटकन खाली बसली. चिखलाचे हात तोंडावर घेऊन हमसून हमसून रडली आणि मधेच हसायला लागली. "गेला म्हंजे. माझा ऐकला त्यानं."

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी दगडापाशी तिनं सगळे सांगतात तसं 'हितंच थांब' सांगितलंच नव्हतं. उलट पदर पसरून म्हणाली होती, माझ्या पोराला बाप नाय, परक्या मानसांत त्याची वाचा बसते, तू त्याच्यासंगती जा. बांधावर कोनी नसंल हे मना ठाव हाय. पानी आला तर माझ्या शेतावर येऊ दे, गावाच्या शेताला शिवू देऊ नको.

मला तिचा राग आला. एवढं शेत, एवढी वर्षं राबलेलं, आणि एका दगडाला असं सांगून मोकळी! मी म्हटलं, "बाय, खेकड्यांनी बिलं केली असतील, म्हनून फुटला बांध." ती म्हणाली, "असंल." एवढंच. मग विचारलं, "जागा?"

"मिळाली."

"मंग बरा झाला," म्हणाली आणि परत चिखलात उतरली.

काशाला हे कळलं तेव्हा तो हटून बसला. मी कॉलेजात जात नाय, शेत नीट होईपर्यंत इथंच राहतो. बायनं त्याला बांधावरच, गावासमोर झापलं. "हितं राहून काय करशील? चिखल टाकशील? चिखल टाकनारे गावभर हायेत. जा त्या सायबाकडं, त्यानं जागा दिलीय तुला." आणि वीस तारखेच्या आत मी त्याला पुण्याला नेऊन सोडला. ह्या वेळी दगडापाशी बाय आमच्यादेखत मोठ्यानं बोलली. तिथंच राहा, पोराचा शिक्षन पुरा होऊ दे, मंग ये.

तिचं शेत पुढचे तीन पावसाळे खारट राहिलं. त्या काळात ती दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला आणि मिठागरावर डोक्यानं मीठ वाहायला गेली. मी पैसे दिले तर घ्यायची, पण कामावर जायचं थांबली नाही. काशा बी. एस्‌सी. झाला. आता तो एका प्रयोगशाळेत आहे, परक्यांसमोर तासच्या तास बोलतो. बांध त्यानंतर फुटलेला नाही. राखणदार परत आला का, असं मी बायला चेष्टेनं विचारलं, तर म्हणाली, "पोराला इचार, मना काय ठाव."

मी ह्या सगळ्याचा फार विचार केला आहे. मास्तरला सुट्टीत दुसरं काम काय? कोळिणीला भास झाला असेल. चिखलाचे ठसे दुसऱ्या कुणाचे असतील. नळांत बिघाड असेल, प्रिन्सिपॉलांची नजर अधू असेल, बांध खेकड्यांनी पोखरला असेल. एकेक सुटं घेतलं तर प्रत्येकाला उत्तर आहे. सगळी एकत्र समोर ठेवली की बेरीज जमत नाही.

पण हे लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. बाय आता थकली आहे. ओट्यावर दोघंच बसलो होतो, आणि इतकी वर्षं मनात खुपत असलेलं मी एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, "बाय, एक सांग. मी व्हतो की त्याच्यासंगती. सख्खा मामा. लहानाचा मोठा मी केला त्याला. मग आनखी कोनाला धाडायची गरज काय व्हती?"

तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी पडून आलो की बघायची, तशी.

"तू व्हतास रे धाकल्या," ती म्हणाली. "पन तू दमतोस."

बाकी कशाचाच उलगडा मला आजतागायत झालेला नाही. तिचं हे बोलणं मात्र मला लगेच पटलं.